‘मॉन्स्टर’ आवडणाऱ्याने ‘योत्सुबातो!’ वाचावी का? त्यात काहीच घडत नाही म्हणतात. आणि अशा मांगाचं, म्हणजे जपानी चित्रकथेचं, परीक्षण लिहायचं तरी कसं?

वाचा, जरूर वाचा. पण ते ‘काहीच घडत नाही’ मी घरात इतक्यांदा ऐकलंय, की थोडं सविस्तर लिहिते.

मांगाची गोडी मला दादाने लावली. नाओकी उरासावांच्या ‘मॉन्स्टर’ या थरारकथेचे १८ खंड त्याने एकेक करून जमवले आणि माझ्या हाती दिले. ड्युसेलडॉर्फमधला जपानी सर्जन तेन्मा महापौरांना सोडून एका लहान मुलाचा जीव वाचवतो आणि त्याचं काय होऊन बसतं, हे वाचताना माझी झोप उडाली होती. म्हणून दादाच्या वाढदिवसाला मी जिरो तानिगुचींचं ‘आरुकु हितो’ दिलं. आरुकु हितो म्हणजे चालणारा माणूस. एक गृहस्थ आपल्या परिसरात फिरतो, पक्षी बघतो, झाडावर चढतो. दादाने ते जेवायची पानं घेईपर्यंत संपवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “माणूस चालला, घरी आला. यावर तू परीक्षण लिहिणार?”

मी पुस्तक उघडून त्याच्यापुढे ठेवलं. रात्री तो गृहस्थ कुंपण ओलांडून बंद झालेल्या जलतरण तलावात पोहायला उतरतो, ते प्रकरण. विचारलं, या पानावर तू किती वेळ थांबलास? त्याला ते पान आठवतही नव्हतं. दादा एका फुग्यातला संवाद वाचून पुढच्या फुग्यावर उडी मारतो. फुगा नसेल तर पान उलटतो. अशा माणसाने मांगा वाचलीच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. नुसते संवाद वाचले.

आणि त्याच्या लाडक्या ‘मॉन्स्टर’मध्येही हेच आहे की! निरीक्षक लुंगे एखादी गोष्ट लक्षात ठेवताना हवेतच टाइप करतो. चौकटीत फक्त त्याची बोटं. तिथे दादाचा श्वास अडकतो, आणि तलावाच्या पाण्यापाशी म्हणे कंटाळा येतो. कसब एकच आहे: वाचकाला कुठल्या चौकटीत किती वेळ धरून ठेवायचं. मांगा उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे पान उलटण्याआधीची शेवटची चौकट डाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात येते. थरारकथा तिथे धोका ठेवते आणि तुम्हाला पुढे ढकलते. तानिगुची ढकलत नाहीत. थांबायचं ते आपण.

कियोहिको आझुमांची ‘योत्सुबातो!’ २००३ पासून चालू आहे. पाचेक वर्षांची मुलगी बाबांबरोबर नव्या गावात राहायला येते, बस्स. पहिल्या खंडात ती धो धो पावसात धावत सुटते, तिथपर्यंत वाचा. तो पाऊस भिडला नाही, तर खुशाल सोडून द्या.

परीक्षणात गोष्ट सांगत बसू नका. थरारकथेत ती सांगून चालत नाही आणि इथे ती सांगण्यात अर्थ नसतो. डोळा कुठे अडला, ती चौकट लिहा. ‘छान, निवांत आहे’ एवढंच लिहून तीन तारे देणारे लोक दादापेक्षा वेगळे नाहीत.

हं, शांत आहे म्हणजे चांगलीच, असं मुळीच नाही. मागे कोरी भिंत आणि पुढे चहा पिणाऱ्या गोड मुली, अशा कितीतरी मी अर्ध्यात टाकल्या आहेत. आणि ‘मॉन्स्टर’ मला आजही तितकीच प्रिय आहे. भांडण तिच्याशी नाही.

शक्यतो छापील प्रत घ्या, नाहीतर दोन्ही पानं शेजारी-शेजारी दिसतील अशा पडद्यावर वाचा. मोबाइलवर एकेक चौकट मोठी करून वाचलं, तर उरासावा काय नि आझुमा काय, दोघांचाही ताल मोडतो. दादा आता सगळं मोबाइलवरच वाचतो.