रस्ता चालू आहे, पण कोणत्या गाडीसाठी?

प्रश्न : आमचं अंबाजोगाई तालुक्यातलं गणेश मंडळ आहे. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यातल्या दोन गावांसाठी आम्ही धान्य, पाण्याचे बॉक्स आणि कडबा घेऊन निघालो. मांजरसुंब्यापर्यंत अडचण आली नाही. पुढे एका लहान घाटात समोरून आलेल्या दोन मोटारसायकलवाल्यांनी ‘रस्ता चालू आहे’ म्हणून सांगितलं. आम्ही आयशर घातली आणि तिसऱ्या वळणावर मागचं चाक साइडपट्टीत गेलं. माणसं सुखरूप राहिली, माल रात्रभर भिजला. असा रस्ता आधी तपासायचा कसा?

उत्तर : माणसं सुखरूप आहेत हे वाचलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. त्या मोटारसायकलवाल्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्यासाठी रस्ता चालूच होता. दोन माणसांसकट मोटारसायकल पावणेतीनशे किलोच्या आसपास भरते, तुमची भरलेली आयशर आठ-दहा टनांची. म्हणून ‘चालू आहे का’ एवढंच विचारू नका. शेवटची भरलेली गाडी कोणती गेली, किती वाजता गेली आणि त्यानंतर पाऊस झाला का, हे विचारा.

बांधकाम खात्यात शाखा अभियंता म्हणून माझी 31 वर्षं गेली, त्यातली बरीचशी बालाघाटाच्या रांगेत. आपल्याकडचा घाटरस्ता कसा केलेला असतो ते आधी लक्षात घ्या. डोंगर कापायचा आणि निघालेला मुरूम-दगड दरीच्या अंगाला टाकून रुंदी काढायची. म्हणजे डोंगराकडचं चाक मूळ खडकावर चालतं आणि दरीकडचं भरावावर. वरून डांबर एकसारखंच दिसतं. पाऊस मुरला की जड होतो तो भराव, आणि सुटतो तोही भरावच. तुमचं मागचं चाक नेमकं तिथेच गेलं असणार.

त्यामुळे घाट सुरू होण्याआधी गाडी उभी करा, दोघं खाली उतरा आणि घाट पायी चाला. एकाने दरीच्या कडेची भेग बघत जायचं. डांबराला आडव्यातिडव्या बारीक भेगा असतातच, त्यांची मला काळजी वाटत नाही. रस्त्याच्या लांबीला धरून जाणारी, दोन्ही टोकं दरीकडे वळलेली, चंद्रकोरीसारखी भेग दिसली तर थांबा. भेगेच्या दरीकडच्या बाजूला तळहात ठेवा. ती बाजू बोटभर जरी खाली गेलेली असेल तरी तो तुकडा डोंगरापासून सुटला आहे असं समजा, तिथून भरलेली गाडी न्यायची नाही. कडा समपातळीत असतील तर दोन्ही काठांवर रंगाचा एकेक ठिपका द्या आणि टेपने अंतर मोजून वहीत लिहा. घाट चालून परत याल तेव्हा पुन्हा मोजा. अंतर वाढलं असेल तर माल खाली उतरवा आणि दुसरी वाट शोधा.

संरक्षक भिंतीकडे बघायला मला एका मुकादमाने शिकवलं. मी नोकरीत नवा होतो. रात्रभर पाऊस झाला होता आणि आम्ही घाटात भिंत बघायला गेलो. मला ती ठीक दिसली. मुकादम खाली वाकून भिंतीतल्या पाणी जायच्या भोकांत एकेक करून बोट घालू लागले. कोरडी. एवढा पाऊस होऊनही कोरडी. “साहेब, भिंत पाणी पिऊन बसलीय,” ते म्हणाले. मागचं पाणी बाहेर पडत नव्हतं, आतल्या आत साठत होतं. मी लांबून, भिंतीच्या रेषेत एक डोळा मिटून पाहिलं, तर मधे पोट आलेलं दिसलं. आम्ही गाड्या तिथेच थांबवल्या. तिसऱ्या दिवशी ती भिंत खाली गेली. भोकांतून स्वच्छ पाणी वाहत असेल तर भिंत तिचं काम करते आहे. गढूळ, मुरूम घेऊन येणारं पाणी वाईट, आणि भर पावसात कोरडी भोकं त्याहून वाईट.

वरच्या अंगाकडे दुसऱ्याने बघायचं. आपला डोंगर काळ्या पाषाणाच्या थरांचा आहे. दोन थरांच्या मधे कुठे कुठे लालसर मातीचा पट्टा असतो, तो भिजला की वरचा दगड त्यावरून घसरू शकतो. लाल पट्टा, त्यातून पाझर आणि खाली ताजे फुटलेले दगड, हे तिन्ही एका जागी दिसलं तर तिथे उभं राहून फोटोही काढत बसू नका. वाकलेली झाडं आणि तिरपे विजेचे खांबही तेच सांगतात. आणि पाऊस थांबला म्हणजे धोका टळला असं होत नाही. मुरलेलं पाणी खाली उतरायला वेळ लागतो, पुष्कळ दरडी ऊन पडल्यावर आल्याचं मी पाहिलं आहे.

मोऱ्या आणि फरशी पुलांवर आमच्याकडच्या गाड्या जास्त फसतात. पूल उभा असतो, पण त्याला जोडणारा भराव, म्हणजे पोचमार्ग, आतून वाहून गेलेला असतो आणि वर डांबराचा नुसता पापुद्रा उरतो. बाजूला पक्क्या जागी उभं राहून पहारेने ठोकून बघा. भरीव जागा टणकन वाजते, पोकळ जागा ढब्ब करते. पुलावरून पाणी वाहत असेल तर मात्र काहीच तपासायचं नाही, थांबायचं. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान कार उचलली जाऊ शकते, दोन फुटांना मोठ्या गाड्याही टिकत नाहीत. आणि पाण्याखाली रस्ता उरला आहे की नाही, ते वरून कुणालाच दिसत नाही.

आता तुमच्या मालाबद्दल. एक लिटरच्या बारा बाटल्यांचा बॉक्स 12 किलोचा होतो, असे 300 बॉक्स म्हणजे 3 टन 600 किलो नुसतं पाणीच. कडब्याचं उलट आहे, वजन कमी पण उंची फार, वळणावर गाडी कलते. हे दोन्ही एका गाडीत घालू नका. घाटापर्यंत मोठी गाडी न्या आणि तिथून दोन पिकअपमध्ये अर्धा-अर्धा माल करा. खेपा वाढतील, वाढू द्या. शंकेच्या जागी एका वेळी एकच गाडी जाईल, डोंगराचं अंग धरून, आणि ड्रायव्हरशिवाय आत कुणी बसणार नाही. अंधार पडायच्या आत रिकामी गाडी घाट उतरून परत आली पाहिजे, त्या हिशेबाने सकाळी निघा.

प्रश्न : आमच्या शहरातली पाच-सहा मंडळं मिळून एकाच दिवशी पन्नास गाड्या न्यायचं म्हणतात. योग्य आहे का? (लातूर)

उत्तर : नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला त्यानंतरचे दिवस आठवणारी माणसं तुमच्या शहरात अजून आहेत, त्यांना विचारा. मदत घेऊन येणारे आणि नुसते बघायला येणारे अशा सगळ्यांच्या गाड्यांनी रस्ते तुंबले होते. तिथे तर सपाट रान होतं. घाटात एक गाडी अडकली की मागच्या एकोणपन्नास गाड्यांना वळायलाही जागा नसते आणि जेसीबीही पुढे जाऊ शकत नाही. निघण्याआधी जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077 वर फोन करा, राष्ट्रीय महामार्ग असेल तर 1033 वर. कोणत्या गावाला काय पोचलं आहे हेही विचारून घ्या. दिवसाला आठ-दहा गाड्या, आठवडाभर. गावाला चौथ्या-पाचव्या दिवशीही जेवावं लागतंच.

प्रश्न : मी कन्नड तालुक्यात घाटाच्या वर राहते. 31 ऑगस्ट 2021 ला घाटात दरडी कोसळल्या, खाली चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचा पूर आला. त्या दिवसांत दिवसभर फोन यायचे, ‘ताई, रस्ता कसा आहे?’ मला नीट सांगता यायचं नाही. घरच्या बाईमाणसाने काय बघून ठेवावं?

उत्तर : ताई, तुमच्यासारखं माणूस वर असणं ही फार मोठी सोय आहे. नकाशावर रस्ता निळा दिसतो म्हणून लोक निघतात, तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं सांगू शकता. त्यासाठी घाटात उतरू नका, घराजवळून जेवढं दिसतं तेवढं पुरे.

जड वाहनांना त्या घाटातून 2023 पासून न्यायालयाच्या आदेशाने बंदी आहे हे फोन करणाऱ्याला आधी सांगा. बाहेरगावच्या मंडळांना ते ठाऊक नसतं. मोठ्या गाडीला देवगाव रंगारी, शिऊर बंगला, नांदगाव अशी लांबची वाट धरावी लागते आणि त्या वाटेचीही आदल्या दिवशी चौकशी करावी लागते. तुम्ही ‘रस्ता खराब आहे’ असं मोघम सांगू नका. कोणत्या दगडाजवळ, कोणत्या वळणावर, किती जागा उरली आहे ते सांगा. ‘मंदिराच्या पुढच्या वळणावर माती आलीय, बैलगाडी जाईल एवढीच जागा आहे, सकाळी सातला पाहिलं’ असं सांगितलंत तर ड्रायव्हरला तेवढ्यावर ठरवता येतं. वेळ सांगायला विसरू नका, घाटातली सकाळची बातमी दुपारी शिळी झालेली असते.

आणि एक काम आत्ता, कोरड्या दिवसांत करून ठेवा. तुमच्या गावाजवळच्या मोरीच्या कठड्यावर ऑइलपेंटने फुटाफुटाच्या खुणा काढा आणि आकडे घाला. पुढच्या पावसात लांबूनच बघून ‘पाणी दोनच्या खुणेला आहे, चढतंय’ एवढं फोनवर सांगितलंत, तरी खाली चाळीसगावला गाडी भरून उभा असलेला माणूस थांबेल.