पत्रात एकच गोष्ट दोनदा

'ताई, मी ३८ वर्षांचा व्यावसायिक बॉक्सर. ३४ पैकी ३० लढती जिंकलो, पण जागतिक किताब गुणांवर थोडक्यात हुकला. माझी कला पायांत आणि नजरेत आहे असं सगळेच म्हणतात. आता प्रमोटरने तीन पर्याय ठेवलेत: ज्याने तेव्हा हरवलं त्याच्याशी पुन्हा लढत, २५ वर्षांच्या सध्याच्या विजेत्याशी लढत, नाहीतर दोन-तीन सोप्या लढती. बायको म्हणते, आता पुरे. बॉक्सर जॉर्ज फोरमन ४५व्या वर्षी जागतिक किताब जिंकला, मग मी का नाही? असाच थांबलो तर लोक विसरतील ना?'

सोप्या लढतींचं आधी उरकते. नको. तिसाचे तेहेतीस झाल्याने कुणाच्या लक्षात काय राहणार? बॉक्सर रॉकी मार्सियानोचं ४९-० (४९ विजय, एकही हार नाही) लोक सांगतात, कारण त्यात शून्य आहे. तुमचं शून्य केव्हाच गेलं. आणि लढत सोपी असली तरी ठोसा खराच बसतो.

जुन्या हिशेबाचं दुखणं मला कळतं. पण तो माणूसही आता चाळिशीला टेकला असेल. तुम्हाला हरवलं तो हा नव्हेच. याला हरवून तो निकाल पुसला जायचा नाही. विजेता बॉक्सर मार्विन हॅग्लर १९८७ मध्ये शुगर रे लेनर्डकडून असाच गुणांवर, पंचांत मतभेद होऊन हरला. पुन्हा लढत मागितली, मिळाली नाही, आणि तो परत रिंगमध्ये उतरलाच नाही. त्या निकालावर लोक अजून भांडतात. हॅग्लरला विसरलंय कोण?

राहिला तरुण विजेता. लढायचंच असेल तर हीच लढत, कारण तिच्यात हरण्याची लाज नाही. पण फोरमनचा दाखला तुम्ही अर्धाच दिलात. १९९४ मध्ये त्याने तेव्हाचा विजेता मायकेल मूररला दहाव्या फेरीत पाडलं, तेव्हा तो गुणांवर मागेच होता. एका उजव्या हाताने काम केलं. शिवाय मधली दहा वर्षं तो रिंगपासून लांब होता, तेवढा मार वाचला. फोरमनची ताकद ठोशात होती, आणि ठोशाची ताकद सगळ्यात शेवटी जाते म्हणतात. तुमची कला, तुम्हीच लिहिलंय, पायांत आणि नजरेत. ती आधी जाते.

आता मला खरं बोलायचंय ते. पहिल्या पानावर तुम्ही लिहिलंय की स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, एका पोराचा डावा हात येताना स्पष्ट दिसला, पण मान हललीच नाही. 'हे कुणाला सांगितलेलं नाही.' चौथ्या पानावर तीच गोष्ट, जवळजवळ त्याच शब्दांत, पुन्हा 'कुणाला सांगितलेलं नाही' सकट. आपण हे आधी लिहिलंय याचा मागमूस नाही. घाईत कुणाचंही होतं, माझंही होतं. पण मी ठोसे खात नाही.

मुहम्मद अली १९८० मध्ये तेव्हाचा विजेता लॅरी होम्ससमोर उतरला तेव्हा ३८चाच होता. वजन उतरवून दिसत होता देखणा. दहा फेऱ्या मार खाल्ल्यावर शेवटी त्याच्याच कोपऱ्यातून, प्रशिक्षकाकडून, लढत थांबवली गेली. चार वर्षांनी पार्किन्सनचं निदान झालं.

तेव्हा सही करण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञाकडे जा. प्रमोटरने सुचवलेल्या नव्हे, स्वतः शोधलेल्या. नुसत्या स्कॅनवर भागवू नका. तो स्वच्छ येऊनही स्मरण आणि प्रतिसादाचा वेग घसरलेला असू शकतो, त्याच्या चाचण्या वेगळ्या असतात. बायकोला बाहेर बसवू नका. घरी काय विसरता हे तिला ठाऊक आहे, 'पुरे' ती उगाच म्हणत नसेल. डॉक्टर जरा जरी घुटमळले, तरी लढत नाही. ते निर्धास्त असतील, तर कोचशी आधीच ठरवा की टॉवेल केव्हा टाकायचा, म्हणजे लढत केव्हा थांबवायची, आणि तो टाकल्यावर तुम्ही भांडायचं नाही.

तुमचं पत्र सोबत परत पाठवतेय. दोन्ही पानांवर पेन्सिलने खूण केलीय. तपासणीला जाताना ते बायकोकडे द्या.