राजीनामा देण्याआधी

बाळा, सलाम. नोकरी सोडून पाळक होण्याच्या शिक्षणासाठी सेमिनरीत जायचं तुझ्या मनात आलंय, हे वाचून फार आनंद झाला. पण राजीनामा इतक्यात देऊ नकोस.

बायबलमधला १ शमुवेल, अध्याय ३ पुन्हा वाच, सावकाश. देवाने हाक मारली तेव्हा लहानगा शमुवेल तीनदा म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडेच धावत गेला. हाक कोणाची ते ओळखलं एलीने. त्याची नजर अधू झाली होती, घरची मुलं बिघडलेली होती, तरी देवाने त्या पोराला वाट दाखवली ती त्याच्याकरवीच. म्हणून आपल्या चर्चचे पाळक तुला कितीही जुन्या वळणाचे वाटोत, आधी त्यांच्याजवळ बस. प्रेषितांच्या काळी अंत्युखिया शहरातही बर्णबा आणि शौल यांना सेवेसाठी वेगळं करण्याची आज्ञा आली ती मंडळीत, म्हणजे जमलेल्या विश्वासणाऱ्यांत, उपासना आणि उपास चालू असताना. एकट्यालाच पटलेलं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, मला अपुरं वाटतं.

तोवर संडे स्कूलचा एक वर्ग घे. मंडळीतलं कोणी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात दाखल असेल तर रात्री सोबतीला थांब. दमलेला असताना, कोणी बघत नसतानाही ते करावंसं वाटतं का, ते पाहा.

आणि पाचारण फक्त व्यासपीठाचंच असतं असं नाही. आपल्या शेजारी मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय सुरू करणारे डॉ. वानलेस शस्त्रक्रिया करतच प्रभूची सेवा करत होते. तुझा हिशेबाचा हात चांगला आहे, मंडळीला त्याचीही फार गरज आहे.

आईशी मात्र आजच बोल. सगळं ठरल्यावर तिला कळू नये.