जुन्या, स्वस्तातल्या काउबॉयपटांत बघण्यासारखं असतं तरी काय?

गोष्ट तीच, डोंगर तेच, मारामारी लुटुपुटूची, मग हे सिनेमे लोक आजही का बघतात, असं तुम्ही विचारलंय. लोकांचं सोडा, माझं सांगतो. रात्री जेवणं आटोपली की मी तासाभराचा एखादा लावून बसतो. बायको जाता जाता विचारते, "हा कालचाच ना?" आणि बऱ्याचदा मलाही छातीठोकपणे नाही म्हणता येत नाही.

माझे लाडके म्हणजे १९३३ ते १९३५ या काळातले लोन स्टार कंपनीचे सिनेमे. नायक जॉन वेन. हा वेन अजून काउबॉयपटांचा बडा स्टार 'जॉन वेन' व्हायचा होता. १९३०चा 'द बिग ट्रेल' आपटला आणि पुढे 'स्टेजकोच' येईपर्यंत, म्हणजे १९३९पर्यंत, गडी मिळेल ते काम करत राहिला. चालण्यात ऐट आहे, पण संवाद म्हणताना शाळेच्या गॅदरिंगमधल्या मुलासारखा अवघडतो. एका सिनेमात तर त्याला गातानाही दाखवलंय. आवाज भलत्याच कुणाचा, हे ऐकताक्षणी कळतं.

सगळं इतकं काटकसरीत का, याचं कारण साधं आहे. मंदीच्या दिवसांत अमेरिकेतली थिएटरं एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायची. त्यातला दुसरा, भरतीचा सिनेमा ठरावीक भाड्यानं आणायचा. गल्ल्यात वाटा नाही. सिनेमा कितीही चालला तरी निर्मात्याच्या हाती तेवढेच पैसे. मग नफा काढायचा कुठून, तर खर्चातून! म्हणून तेच खडक, तीच माणसं आणि चुकलं तरी चालतंय असा एकच टेक.

आणि या काटकसरीतूनच याकिमा कनट नावाचं रत्न बघायला मिळतं. रोडिओ, म्हणजे उधळत्या घोड्या-बैलांवर बसण्याच्या स्पर्धा, गाजवून आलेला हा माणूस पडद्यावर खलनायकाचा साथीदार असतो आणि वेनच्या धोक्याच्या उड्याही तोच मारतो. दोन शॉट एकापुढे एक जोडले की पुढे पळणाराही कनट, मागे लागलेलाही कनट! एकदा हे कळलं की गोष्टीकडे लक्षच राहत नाही, नजर नुसती टोप्या आणि पाठी शोधत बसते. पुढे 'स्टेजकोच'मध्ये धावत्या घोड्यांवर झेप घेणारा तोच, आणि १९५९च्या 'बेन हर'मधली रथांची शर्यत बसवण्यातही त्याचाच हात. ती शर्यत बघताना मला लोन स्टारचा धुरळा आठवतो.

एक गोष्ट मात्र खुपते. त्या काळी घोडा पाडायला त्याच्या पायांना तार बांधत. त्यामुळे घोडा तोंडावर आपटला की माझी मजा तिथेच संपते. बायकांच्या भूमिकाही बहुधा दारात उभं राहून काळजी करण्यापुरत्या.

खडकांवरून आठवलं. कॅलिफोर्नियात लोन पाइन गावाजवळ अलाबामा हिल्स आहेत. असंख्य काउबॉय तिथल्या दगडांआड लपून गेले. १९३९च्या 'गंगा दीन'साठी याच टेकड्या ब्रिटिश हिंदुस्थानची वायव्य सरहद्द झाल्या होत्या. एकदा ओळख पटली की कुठल्याही सिनेमात ते गुळगुळीत गोलसर दगड गावातला माणूस परमुलखात भेटावा तसे भेटतात.

सुरुवात करायची तर १९३४चा 'रँडी राइड्स अलोन' बघा. वेन घोड्यावरून एका एकाकी सलूनपाशी, म्हणजे दारूच्या गुत्त्यापाशी येतो. आतून पियानोचा आवाज येतोय. तो दार ढकलतो, तर आपोआप वाजणारा पियानो चालू आहे आणि आत एकही माणूस जिवंत नाही. भिंतीवरच्या तसबिरीतून मात्र कुणाचे तरी डोळे त्याच्यावर रोखलेले. पैसे नसताना केलेली ही सुरुवात पैसेवाल्यांनाही क्वचित जमते. खरा बदमाश कोण हे तुम्ही लवकरच ओळखाल, ते सोडून द्या.

फक्त प्रत नीट निवडा. हे सिनेमे यूट्यूबवर फुकट सापडतात, पण काहींवर नंतर कुणीतरी सिंथेसायझरचं संगीत चढवलंय. मुळात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. टापा, लगामांची खळखळ आणि मधली शांतता, एवढंच. ती प्रत लावा. सगळा मिळून ५३ मिनिटांचा आहे, नाही आवडला तर पियानो थांबल्यावर बंद करा.