कूलर राहू दे, आधी ती पॉलिसी परत कर

भांडुपहून एका वाचकाचा मेल आलाय. वय २९, चार स्टुडिओंसाठी लग्नाचे व्हिडिओ घरी बसून एडिट करतो, घरात आई-वडील. मेल मोठा आहे, कामापुरता देते:

"ताई, एक्सपोर्ट (म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढायला, यालाच रेंडर म्हणतात) लावला की प्रोसेसर दोन मिनिटांत ९५ डिग्रीला जातो. राइझन ९ ७९५०एक्स आहे, वर साधा टॉवर कूलर. पीसी पोटमाळ्यावर आहे, वर पत्रा. लॅमिंग्टन रोडचा दुकानदार म्हणतो ३६० एमएमचा लिक्विड कूलर टाक नाहीतर सीपीयू जळेल. १७,५०० रुपये, नो कॉस्ट ईएमआयवर. रेंडर डबल फास्ट झाले तर महिन्याला २५ हजार तरी जास्त सुटतील. घेऊ का? पीसीचं क्रेडिट कार्डावर अजून १ लाख १० हजार बाकी आहे पण मिनिमम ड्यू (कमीत कमी भरावीच लागणारी रक्कम) वेळेवर भरतो. आणि सेव्हिंगचं टेन्शन नाही, १ लाख २० ची एफडी होती ती मोडून एक लाख बँकेतल्या मॅडमनी सांगितलेल्या गॅरंटीड प्लॅनमध्ये टाकलेत."

प्रश्न कूलरचा आहे, पण माझी नजर शेवटच्या ओळीवर अडकली. त्याला उलट मेल करून पॉलिसीचे कागद मागवले, ते बघून काय करायचं तेही लगेच कळवलं कारण थांबायला वेळ नव्हता. बाकीच्यांच्या उपयोगाचं आहे म्हणून इथे सविस्तर लिहिते.

तर अरे बाबा, ती एफडी नाही, तो आयुर्विमा आहे. दरवर्षी एक लाख, पाच वर्षं भरायचे आणि दहाव्या वर्षाच्या शेवटी ७ लाख ४० हजार मिळणार. मॅडम म्हणाल्या "जवळजवळ दीडपट, तेही गॅरंटीड". दीडपट ऐकायला बरं वाटतं पण तुझा प्रत्येक लाख सरासरी आठ वर्षं अडकतोय, आठ वर्षांत दीडपट म्हणजे वर्षाला जेमतेम पाच टक्के. मोडलेली एफडी यापेक्षा जास्त देत होती आणि हवी तेव्हा मोडता येत होती! वर "टॅक्स वाचेल" असंही सांगितलंय. तुझं वर्षाचं उत्पन्न सहा लाखांच्या आसपास, नव्या कर रचनेत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत टॅक्सच लागत नाही, मग वाचणार काय? पण टार्गेटचा महिना असला की बँकेत असं काहीही सांगितलं जातं.

आणि पुढच्या वर्षी याच दिवसांत अजून एक लाख भरायचेत हे त्यांनी सांगितलं का? तुला तर "एकदाच" असंच वाटत होतं असं तू दुसऱ्या मेलमध्ये लिहिलंस. कंपनीचा व्हेरिफिकेशन कॉल आला तेव्हा सगळ्याला "हो हो" म्हणायला मॅडमनीच सांगितलं होतं, हेही लिहिलंस. ते रेकॉर्ड झालेलं असतं, त्यामुळे उद्या "मला फसवलं" म्हणून भांडायला गेलास तर तेच तुला ऐकवतील. म्हणून भांडणाच्या वाटेने जायचंच नाही.

तुझ्या नशिबाने त्याहून सोपी वाट उघडी आहे. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवस फ्री लूक असतो, त्या मुदतीत पॉलिसी नको म्हणून परत करता येते. तुला पॉलिसी मेलवर येऊन १९ दिवस झालेत, म्हणजे ११ दिवस शिल्लक. मॅडमना फोन करू नकोस, बँकेतही जाऊ नकोस, तिथे "सर, पुढच्या आठवड्यात बघू" करत ते ११ दिवस आरामात घालवतील. थेट विमा कंपनीला मेल कर, पॉलिसी नंबर टाक, "फ्री लूकमध्ये रद्द करायची आहे" एवढं स्वच्छ लिही, सोबत कॅन्सल्ड चेक जोड आणि तक्रार क्रमांक की पोच जे काही येईल ते जपून ठेव. अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत पैसे परत करायचेत असा नियम आहे. स्टॅम्प ड्युटी, मेडिकल झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे थोडे पैसे कापतील, बाकी सगळे मिळतील. टाळाटाळ केली तर बीमा भरोसा या विमा नियामकाच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाक, त्यानंतर विमा लोकपाल आहेच. मॅडमचा फोन येईल, "प्लॅन बंद होणार आहे, पुन्हा मिळणार नाही" म्हणतील. बंद होऊ दे.

३० दिवस उलटले तर मग पॉलिसी सरेंडर करावी लागते, म्हणजे मुदतीआधीच मोडावी लागते. २०२४ च्या ऑक्टोबरपासूनच्या नियमांत एका वर्षाचा हप्ता भरलेल्यालाही वर्ष संपल्यावर काहीतरी हाती लागतं, पण पूर्ण लाख कोणी परत देत नाही.

आता ते कार्ड. तू मिनिमम ड्यू वेळेवर भरतोस हे असं लिहिलंयस जसं काही शाबासकीच मिळणारे. १ लाख १० हजारांवर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे ३,८५० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले साधारण साडेचार हजार. तू भरतोस साडेपाच, म्हणजे मुद्दलातून महिन्याला हजारच कमी होतात. वर्षाला पन्नास हजारांच्या वर नुसतं व्याज आणि त्यावरच्या जीएसटीत जातंय आणि त्याच वेळी पाच टक्के मिळवायला एक लाख दहा वर्षांसाठी कुलपात. हा खड्डा तुझ्या प्रोसेसरपेक्षा जास्त तापलाय. शिवाय ज्या कार्डावर बाकी ओढली जातेय त्यावर नव्या खरेदीला व्याजमुक्त दिवस मिळत नाहीत, म्हणजे त्याच कार्डावर किराणा, पेट्रोल केलंस तर पहिल्या दिवसापासून व्याज. आणि नो कॉस्ट ईएमआयमध्ये प्रोसेसिंग फी असते, व्याजावरचा जीएसटी असतो, रोख घेतल्यावर मिळणारा डिस्काउंट जातो. कॉस्ट कुठेतरी असतेच.

पॉलिसीचे पैसे आले की त्यातले ९० हजार त्याच दिवशी कार्डात टाक, उरलेले खात्यातल्या २० हजारांसोबत राहू देत. मग बाकी राहिले २० हजार, सीझन चालू आहे तोवर महिन्याला दहा-दहा भरून आषाढीच्या आत संपव. आषाढीनंतर लग्नं थांबतात, तुळशीच्या लग्नापर्यंत तुझ्याकडे वाढदिवस आणि बारशी सोडून काय येणार? तुझं दर वर्षाचं हे कॅलेंडर ठरलेलं आहे आणि तरी तू मे महिन्यात नवा ईएमआय सुरू करायला निघालास.

बरं, कूलर. पीसीतलं मला जेमतेम कळतं, पण भाचा हेच काम करतो त्याला विचारलं आणि थोडं वाचलं. तुझा चिप, म्हणजे प्रोसेसर, २०२२ चा, तो बनवणाऱ्या एएमडीने तेव्हाच सांगितलं होतं की फुल लोडवर तो मुद्दाम ९५ पर्यंत जातो आणि तिथे स्वतःला आवरतो. कागदावर १७० वॉटचा आहे, प्रत्यक्षात २३० पर्यंत ओढतो. ९५ दिसले म्हणजे जळायला आला असं नाही, दुकानदाराला कूलर विकायचाय.

आणि लिक्विड कूलर काही एसी नाही. तो उष्णता चिपवरून उचलतो आणि रेडिएटरमधून त्याच पोटमाळ्यात सोडतो, आसपासच्या हवेपेक्षा गार तो करूच शकत नाही. पत्र्याखाली दुपारी ४० असतील आणि खाली खोलीत ३३, तर पीसी खाली आणलास की सात डिग्री फुकटात मिळाल्या. खाली जागा नाही म्हणशील, पण आईशी बोल, शिलाई मशीन वर जाऊ शकतं. मग पीसीची केस उघडून फॅन आणि हीटसिंकवरची (उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवरची) धूळ काढ, आपल्या दमट हवेत ती चिकटून बसते, ब्रश फिरवताना फॅन बोटाने धरून ठेव. चिप आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट नवी लाव, पाचशे-सातशेची ट्यूब येते. आणि बायॉसमध्ये (पीसी चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) कमी वीज ओढायला लावणारा इको मोड आहे, १०५ वॉटवर लाव. तापमान बरंच खाली येईल, रेंडर थोडासाच हळू होईल. एवढं करून महिनाभर बघ.

तरीही चिप सारखा ९५ वर अडकत असेल तर तीन-चार हजारांचा, प्रोसेसरवर बसणारा चांगला मोठा एअर कूलर घे, रोख, आणि तोही कार्ड शून्य झाल्यावर. त्यात बिघडायला पंप नाही, फॅन गेला तर फॅन बदलायचा.

राहिले ते २५ हजार. कूलर बदलून फार तर पाच-दहा टक्के वेग वाढेल, डबल कुठून येणार? आणि तूच लिहिलंयस की रेंडर रात्री लावून झोपतोस. चार तासांचं काम पावणेचार तासांत झालं, तू झोपलेलाच आहेस, स्टुडिओवाला त्याचे जास्त पैसे का देईल? जास्त पैसे हवे असतील तर चारपैकी एका स्टुडिओचं पेमेंट तीन महिने अडकलंय असं तू सहज लिहून गेलास, तो आकडा ३८ हजारांचा आहे. आधी त्याला फोन कर.