लॉकडाऊनमधलं पोर बुजतंय म्हणून घाबरू नकोस
अगं, पोर चार माणसांत बुजतं, बोलणंही मागे वाटतं म्हणालीस, पण ‘माझंच काहीतरी चुकलं’ हे आधी डोक्यातून काढ. मार्च २०२० ला पुण्यात सगळं बंद झालं, बागांना कुलूपं, आजी-आजोबा फक्त व्हिडिओ कॉलवर, बाहेर जो तो मास्कमध्ये, मग त्या काळातलं पोर चार माणसांत बुजणारच ना? रोज संध्याकाळी सारसबागेत ने, खेळ खेळ म्हणून मागे लागू नकोस, तुझा हात धरून नुसतं बघू दे त्याला. जेवताना मोबाईल बंदच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराच्या वर स्क्रीन नको असं डब्ल्यूएचओनं २०१९ लाच सांगितलंय. बोलणं मागे वाटतंय तर डॉक्टरांना दाखव, कान पण तपासून घे, होईल हळूहळू म्हणणाऱ्यांच्या भरवशावर राहू नकोस. आणि तुला रात्र रात्र झोप लागत नाही म्हणालीस, ते पण डॉक्टरांना सांग बरं का.