हिल्स घालून लग्नात वावरायचंय ना? मग हे आधी वाच

अगं, पहिल्याच जोडीला पेन्सिल हिल, म्हणजे बारीक उंच टाचेची, घेऊ नकोस. २ इंचाची ब्लॉक हिल, म्हणजे जाड रुंद टाचेची, घे, घोट्याला पट्टा असलेली. खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे सुजतात, त्यामुळे खरं माप तेव्हाच कळतं.

आठवडाभर रोज १५-२० मिनिटं घरात घालून फिर. आधी टाच, लगेच चवडा, आणि पाऊल नेहमीपेक्षा आखूड. गुडघे ताठ ठेवू नकोस. नजर पायांकडे गेली की पाठ वाकते आणि तोल जातो, म्हणून समोर बघ.

गुळगुळीत फरशीवर नव्या हिल्सचा तळ सरकतो. त्या तळावर आधी काचपेपर घास, फार फरक पडतो.

खरी परीक्षा लॉनवरच्या लग्नात असते. ओल्या हिरवळीत बारीक टाच रुतते, तिथे भार चवड्यावर ठेवून चाल. हिरवळीवर अंथरलेलं कार्पेट तर जास्त फसवं, कारण खालचे खड्डे दिसतच नाहीत. मी एकदा तिथेच घोटा मुरगळून घेतला आणि तीन आठवडे लंगडले. तेव्हापासून लॉन म्हटलं की मी ब्लॉक हिल किंवा वेजेसच (टाचेपासून पुढेपर्यंत सलग जाड तळ असलेल्या) घालते. पेव्हर ब्लॉकच्या फटींतही टाच अडकते, तिथे सावकाश.

जिना उतरताना कठडा धर, अंग जरा तिरकं ठेव.

आणि साडी नेसायच्या आधीच हिल्स घाल, म्हणजे निऱ्यांची उंची बरोबर बसेल आणि काठ पायात येणार नाही. पिशवीत साध्या चपला असू देत. टाच किंवा पोटरी दुखायला लागली तर लगेच बदल.